टेपमधला शेवटचा धडा

माझ्या भावाच्या टेपमागे लोक वेडे आहेत. का, ते मला इतकी वर्षं उमगलं नव्हतं, आणि न उमगलेली गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

टेप म्हणजे जुनी, काळी, विटेएवढी व्हिडिओ कॅसेट. दादा तेव्हा रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. केस खांद्यापर्यंत, राग नाकापर्यंत. त्यांचं एक गाणं भयंकर गाजलं, म्हणून कुठल्याशा कंपनीने त्याला निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं आणि घरबसल्या गिटार शिकवायला लावलं. तासाभराचा कारभार. पडदा एका कोपऱ्यात सुटलाय. मागे कुणीतरी शिंकतं आणि दादा वळून त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघतो. पुढे कंपनी बुडाली, बँड फुटला, केस गेले, टेप तेवढी राहिली. तिच्या नकला निघाल्या, नकलांच्या नकला निघाल्या, आणि आता म्हणे ती सगळ्यांच्या फोनवर आहे.

आणि हे लोक दाराशी येतात. मी त्यांना टेपवाले म्हणते. माझं चपला-बुटांचं दुकान होतं, आयुष्यभर लोकांचे पाय धरून पोट भरलं, त्यामुळे माणूस मला आधी पायाकडून कळतो. टेपवाल्यांत मी पॉलिश केलेले ऑफिसचे बूट पाहिले, सिमेंट लागलेले पाहिले, टाच झिजलेल्या सँडल पाहिल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, मास्तर आहेत का? आता ज्याने मला साधी सायकल शिकवली नाही, दोनदा ढकलून दिलं आणि स्वतः पतंग बघत उभा राहिला, त्याला मास्तर म्हणायचं म्हणजे कमालच झाली. मी सांगायचे, मास्तर झोपलेत. दादा आतून ऐकत असायचा आणि गप्प बसायचा. त्याला ती टेप काडीची आवडत नसे. विषय काढला की उठून जायचा.

गेल्या वर्षी त्याला झटका आला. मेंदूतला. बोलणं वाचलं, चालणं बऱ्यापैकी परत आलं, पण डावा हात लुळा पडला आणि आठवणीला मधेमधे भोकं पडली. शेजाऱ्यांची नावं आठवायची, पण एखादं अख्खंच्या अख्खं वर्ष गायब. वहिनी जाऊन बराच काळ झाला होता, म्हणून मी माझं बिऱ्हाड उचलून त्याच्याकडे आले. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की हात आत्ताच चालवला तर चालेल, नाहीतर आहे तसा आखडून बसेल. त्यांनी पिळायला एक मऊ चेंडू दिला. दादाने तो खिडकीतून बाहेर फेकला. उजव्या हाताने, अर्थात.

मग एके दिवशी मी बाजारातून आले तर हा मांडीवर गिटार घेऊन टीव्हीसमोर बसलेला. टीव्हीवर तोच, केसाळ, तरुण, स्टुलावर. मी पिशव्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्याला विचारलं, हे काय नवीन? तर म्हणाला, हाताला काही आठवत नाही, मला तरी कुठे आठवतंय, पण ह्या गाढवाला आठवतंय, त्याच्याकडून शिकतो. शेजारच्यांनी कुठूनतरी ती टेप काढून टीव्हीवर लावून दिली होती. मी हसले, पण खरं सांगते, आत कुठेतरी गलबललं. स्वतःकडूनच उसनं मागायची पाळी आली होती बिचाऱ्यावर.

पण औषध लागू पडलं. पहिल्या धड्याला महिना गेला. बोटं तारेवरून घसरायची, हा शिव्या घालायचा, टीव्हीतला दादाही चुकला की शिव्या घालायचा, आणि त्या दोघांच्या शिव्यांत माझा स्वयंपाक व्हायचा. हळूहळू बोटांत जीव आला. बटण लावता यायला लागलं. व्यायामवाल्या बाईंनी तोंडात बोट घातलं. एकेक धडा मागे पडत गेला आणि आम्ही शेवटच्या धड्याशी आलो.

शेवटचा धडा म्हणजे त्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात. सगळं जग ज्यासाठी ती टेप बघतं तो तुकडा. त्यात एका जागी करंगळी जाड तारेवर वर, आणि पहिलं बोट पातळ तारेवर पार खाली, मधलं अंतर बघून चांगल्या माणसाचा हात फाटेल. आजारी हाताचं तर नावच नको. दादाने आठवडेच्या आठवडे घालवले. बोटं ताणून ताणून मनगट सुजलं. टीव्हीवरचा तरुण मात्र सहज वाजवून मोकळा व्हायचा. एका सकाळी दादाने गिटार खोळीत घातली, चेन ओढली आणि मला सांगितलं, ही कुणाला तरी देऊन टाक. मी म्हटलं, बाकीचं वाजव की, तो एक तुकडा सोडून. त्यावर तो इतकंच म्हणाला, "तोच तर माझा होता. बाकीचं काय, कुणीही वाजवतं."

त्यानंतर त्याने हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. सदऱ्याची बटणं पुन्हा मी लावायला लागले. बोटं दिवसेंदिवस आत वळत चालली होती, मला डोळ्यांनी दिसत होतं, आणि माझ्या जिवाला घोर लागला.

तो दुपारचा झोपला की मी तो धडा लावून बघायला लागले. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण दादा मला कळतो. सगळ्या टेपभर हा माणूस चुकतो, स्वतःवर चिडतो, "थांबा, मी गाढवपणा केला" म्हणतो आणि पुन्हा वाजवतो. शेवटच्या धड्यात तो एकदाही चुकत नाही. चिडत नाही. आणि वर म्हणतो, "कृपया बोटांकडे नीट लक्ष द्या." कृपया! दादाच्या तोंडी! लहानपणी हा असा गोड बोलायला लागला की आई कपाट उघडून काय फुटलंय ते बघायची. आणि बोटांकडे लक्ष द्या म्हणतो, तर नेमकं त्या अवघड जागी कॅमेरा बोटं सोडून त्याच्या तोंडावर जातो.

मी त्याला जागं करून सरळ विचारलं की तू इथे काय लबाडी केलीस. तो भडकला. म्हणाला, त्या वर्षातलं काही आठवत नाही, टेप केलेली आठवत नाही, पण मी लबाड नाही एवढं आठवतं. वर म्हणाला, लबाडी असती तर इतक्या लोकांच्या लक्षात आली नसती का? तेही खरंच होतं. पण तो कृपया काही माझ्या डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात दातांची डॉक्टर आली. टेपवाल्यांचा दरवर्षी मेळावा भरतो, त्याचं आमंत्रण घेऊन ती दरवर्षी यायची आणि मी तिला दरवर्षी वाटेला लावायचे. पांढरे, मऊ तळव्याचे बूट, दिवसभर उभं राहणाऱ्यांचे. ह्या वेळी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, डॉक्टर, एकदा मला सांगाच, तुम्हा शहाण्यासुरत्या लोकांना त्या टेपमध्ये काय दिसतं? त्याहून छान शिकवणारे आता ढिगाने आहेत म्हणे.

तिने कप फिरवत विचार केला. मग म्हणाली की बाकीचे शिकवणारे कधी चुकत नाहीत. त्यांचं बघितलं की आपण अडाणी आहोत असं वाटतं आणि माणूस गिटार खाली ठेवतो. मास्तर मात्र चुकतात, आणि चुकलो म्हणतात, आणि पुन्हा वाजवतात. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना शाळेतून येऊन रोज ती टेप बघायची. घरात कुणी मोठं माणूस कधी चुकलो म्हणत नसे. "आम्हाला वाटायचं, जगात एवढा एक माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, आणि तो शेवटचा धडा? तो जमतो कुणाला?

ती लाजली. एवढी मोठी बाई, लोकांच्या दाढा उपटणारी, कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, मेळाव्यात नाही कुणाला जमत. कुणी बोटं आखूड आहेत म्हणून रडतं, कुणी म्हणतं मास्तरांचा हातच देवाने वेगळा घडवलाय. एकजण म्हणायचा की तार वेगळी लावली असेल, पण टेपच्या सुरुवातीला मास्तर स्वतः सगळ्या तारा आपल्यासमोर लावतात, त्यामुळे त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. तिला मात्र जमतो. मुलगी होती, हाडं कोवळी होती, रोज थोडं थोडं ताणत गेली, वर्षानुवर्षं. दोन वर्षं तर नुसती करंगळी दुखत होती.

झालं, माझ्या संशयाची हवाच गेली. वाजवता येतं म्हणजे धडा खरा. मग दादाला शिकवायला हिच्याइतकं चांगलं माणूस कुठे मिळणार? मी तिचा हात धरला आणि तिला तशीच आतल्या खोलीत नेली.

दादाने आधी तोंड फिरवलं. मी खोळ उघडून गिटार तिच्या हातात दिली. ज्या गिटारकडे टीव्हीत बघत मोठी झाली ती गिटार मांडीवर, आणि समोर मास्तर, तेही पाठ फिरवून. तिने तारा लावून घेतल्या, डोळे मिटले आणि तो तुकडा वाजवला.

दादाची मान वळली. तो तिच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघत होता. त्याने पुन्हा वाजवायला सांगितलं. मग हळू वाजवायला सांगितलं. मग खुर्चीतून उठून, भिंतीला धरत, तिच्या अगदी जवळ येऊन वाकला आणि म्हणाला, त्या जागी थांब. ती थांबली. करंगळी वर जाड तारेवर, पहिलं बोट पार खाली पातळ तारेवर, मधे पंजा पसरलेला. दादा बघत राहिला. मला वाटलं त्याला पुन्हा काही झालं, मी त्याचा दंड धरला.

"हे असं नाहीये," तो म्हणाला. "हे मला कधीच जमलेलं नाही."

डॉक्टरला वाटलं ती चुकली. माफी मागायला लागली. दादाने मान हलवली आणि उजवा हात पुढे केला. हात सरळ गिटारच्या डोक्यावरच्या एका खुंटीवर गेला, त्या हाताला कुणी सांगितलं नाही, बहुतेक दादानेही नाही. खालून दुसरी तार. त्याने ती सैल सोडली, थोडी, आणखी थोडी, कान तिरका करून. मग गिटार तिच्याकडून घेतली, खुर्चीत बसला आणि तो आजारी हात गिटारच्या मानेवर ठेवला. तार सैल झाल्यामुळे तोच सूर आता खाली नाही, वर करंगळीच्या शेजारी मिळत होता. ताणायचं कामच नव्हतं. आखडलेली बोटं नुसती टेकली आणि तो तुकडा वाजला. अडखळत, खरखरत, पण वाजला. मी तिथेच रडले. मला लाज वाटली नाही.

त्याला सगळं आठवलं होतं. बोलायला लागला तर थांबेना. कंपनीवाल्यांना शेवटी तो तुकडा हवाच होता. त्याच्याकडे त्याचं स्वतःचं म्हणण्यासारखं एवढं एकच होतं, एका तारेचं गुपित, बाकी तोही इतरांसारखाच. "दुकानात एकच माल, तो काय रस्त्यावर मांडून ठेवायचा?" तो मला म्हणाला, जणू दुकानाचं मला पटेल. मग त्याने धड्याच्या आधी गुपचूप तार सैल केली, अवघड जागी कॅमेरा तोंडावर घ्यायला लावला, आणि बोटं कुठे ठेवायची ते मात्र सरळ, नेहमीसारख्या लावलेल्या तारेचं सांगितलं. त्याला वाटलं, दोनचार दिवस लोक डोकं फोडतील आणि सोडून देतील. हे सांगताना तो डॉक्टरच्या हाताकडेच बघत होता. त्याने रचलेली थाप त्या हाताने ताणून ताणून खरी करून दाखवली होती. त्याने तिला विचारलं, दुखतं का अजून? ती म्हणाली, थंडीत दुखतं.

मला वाटलं आता ही बाई चिडेल, आणि मी तिच्या बाजूने बोलायला तयार होते. ती उठली, खिडकीपाशी गेली, पाठ फिरवून उभी राहिली. दादा तिच्या पाठीला म्हणाला की मेळाव्याला येतो आणि सगळ्यांसमोर सांगतो. तिने ते ऐकलंच नाही बहुतेक.

"टेप माझी नव्हती," ती म्हणाली. "भाऊची होती."

मग तिने सांगितलं. तिचा थोरला भाऊ. घरात गिटार त्याची, वेड त्याचं, ही नुसती त्याच्या खोलीच्या दाराशी बसून बघायची. सगळे धडे त्याने तिच्या कितीतरी आधी उचलले. शेवटचा काही येईना. मोठ्या माणसाचा हात, घट्ट झालेला, ताणून ताणून पार वाट लागली. त्यात एक दिवस धाकट्या बहिणीने त्याच्यासमोर तो वाजवून दाखवला, मोठ्या आनंदाने. त्याने शाबास म्हटलं, गिटार तिला देऊन टाकली आणि पुन्हा आयुष्यात हात लावला नाही. आता त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. मेळाव्याला बोलावलं तर हसून म्हणतो, आपला हातच गद्यातला, तिथे येऊन काय करू? बहीणभावाचं तसं बरं चाललंय, पण ती घरी गेली की तो रेडिओ बंद करतो.

दादाचा चेहरा मी इतक्या वर्षांत तसा कधी बघितला नव्हता, आमचे वडील गेले तेव्हाही नाही. त्याने स्वतःची थाप जमलेली पोरगी बघितली होती. न जमलेला माणूस त्याला आत्ता दिसला.

डॉक्टरने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करून फोन दादापुढे धरला.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "माझं तो ऐकणार नाही. मला जमलं होतं ना."

पलीकडे दुकानातला गलबला होता. कुणीतरी गिऱ्हाईक नंबर वाढलाय का विचारत होतं. मग तिच्या भावाचा आवाज आला, काय गं, आज दुपारचा फोन कसा? दादाने घसा साफ केला. ह्या माणसाने जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. वहिनीची सुद्धा नाही. त्याने फोन उजव्या हातात घेतला आणि म्हणाला, "मी टेपमधला माणूस बोलतोय. शेवटच्या धड्यात मी तुम्हाला फसवलं. ते तसं वाजत नाही. माझी तार सैल होती. तुमच्या हातात काही खोट नव्हती."

पलीकडे गिऱ्हाइकाचा आवाज आला, मग तो थांबला. दार लावल्याचा आवाज झाला. मला वाटलं आता शिव्या येणार, आणि याव्यातही, त्याचा हक्कच होता. किंवा फोन ठेवेल. डॉक्टर खाली फरशीकडे बघत होती आणि तिचा हात दुसऱ्या हातात गच्च धरलेला होता.

मग तिच्या भावाचा आवाज आला, अगदी हळू, शाळेतल्या पोराने विचारावं तसा.

"कुठली तार?"

दादाने फोन मांडीवर ठेवला आणि गिटार जवळ ओढली. "खालून दुसरी," तो म्हणाला. त्याने ती पिळून सरळ केली, पुन्हा सैल सोडली, पुन्हा सरळ केली, पुन्हा सोडली, पलीकडच्या माणसाला नीट ऐकू येईपर्यंत.